गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर क्लच प्लेटपुरते थांबू नका

साताऱ्याहून कासकडे जाताना यवतेश्वरच्या घाटात इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने वेग घेत नाही, असे होऊ लागले की क्लच घसरत असल्याचे समजावे. प्रीमियर पद्मिनीसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी तबकडी) बदलण्याचे काम घरच्या अंगणात करता येते. मात्र गाडी केवळ जॅकवर उभी ठेवून तिच्याखाली कधीही शिरू नये, चार भक्कम स्टँड लावावेत.

गिअरबॉक्स उतरवून प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारा भाग) सोडवली की आधी फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाच्या, मागची बाजू निरखावी. तिथे काळपट, तेलकट थर दिसला, तर दोष क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या ऑइल सीलचा, म्हणजे तेल अडवणाऱ्या कडीचा, असू शकतो, आणि ती गळती तशीच ठेवून बसवलेली नवी प्लेटही तेल पिऊन पुन्हा घसरू लागते. रिलीज बेअरिंग (क्लच पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणारे) त्याच वेळी बदलावे, कारण त्याची किंमत गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवण्याच्या त्रासापुढे काहीच नाही. जुन्या प्लेटच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ती हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

नवी प्लेट मध्यावर आणण्यासाठी जुना इनपुट शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सचा क्लच प्लेटमध्ये शिरणारा दांडा, मिळाल्यास उत्तम (भंगारवाल्याकडे पुष्कळदा मिळतो). प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे आवळावेत. गिअरबॉक्स चढवताना त्याचे वजन क्षणभरही प्लेटवर लोंबकळू देऊ नये; तेवढ्यानेही तिचा मधला भाग वाकतो.