कमी बजेटमध्ये हॉरर कॉमेडी करताय? मग या चुका टाळा

हॉरर कॉमेडीच का, असं विचारलं की आमच्या कोल्हापुरातली पोरं एकच उत्तर देतात. स्टार लागत नाही, सेट लागत नाही, रात्र आहेच, कुणाच्या तरी मामाचा जुना वाडा असतोच आणि बाकीचं सगळं अंधारात झाकलं जातं. मी पण हेच म्हणायचो. गेल्या थंडीत करवीर तालुक्यातल्या एका बंद पडलेल्या कुस्तीच्या तालमीत आम्ही अकरा रात्री शूटिंग केलं. गोष्ट साधी, मेलेला वस्ताद रोज रात्री येऊन एका आळशी पोराकडून जोर-बैठका काढून घेतो. त्या अकरा रात्रींत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की अंधार आणि शांतता या दोन गोष्टी आपण फुकटच्या धरतो आणि सगळ्यात जास्त वेळ, पैसा, झोप त्याच दोन गोष्टी खातात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

जागा अंधारी आहे म्हणून फ्रेमही अंधारी

पहिल्या रात्री आम्ही तालमीतला एकच पिवळा बल्ब ठेवला, कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची क्षमता, वर वर नेत गेलो आणि छोट्या स्क्रीनवर बघून सगळे खूश, काय मूड आलाय म्हणून. घरी लॅपटॉपवर टाकलं तर काळ्या भागात नुसते दाणे वळवळत होते. ते ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर रंग-उजेड सुधारताना, दाबायला गेलो तर चेहरे प्लास्टिकसारखे झाले, आणि यूट्यूबवर प्रायव्हेट अपलोड करून मोबाईलवर पाहिलं तर भिंतीचे चौकोनी तुकडे पडलेले. आपला प्रेक्षक दुपारी एसटीत बसून, ब्राइटनेस अर्ध्यावर ठेवून बघणार आहे हे शूटिंगच्या आधी डोक्यात असायला पाहिजे.

उपाय खर्चिक नाही. एक बऱ्यापैकी दिवा पात्राच्या मागून आणि थोडा वरून लावा म्हणजे डोकं-खांद्याची कड उजळते आणि माणूस काळोखातून सुटा दिसतो, मग पुढून अगदी थोडा उजेड पुरतो. कंदील, देवळीतली पणती, अर्धवट उघड्या दारातून येणारी पट्टी असं काहीतरी फ्रेममध्येच असू द्या म्हणजे उजेड कुठून येतोय हे बघणाऱ्याला पटतं. बाहेरचा सीन असेल तर शूट करायच्या आधी जमिनीवर पाणी मारा, ओली जमीन उजेड परत फेकते आणि एका दिव्यात दोन दिव्यांचं काम होतं. आणि लांबचे शॉट रात्री बारा वाजता घेऊच नका. डिसेंबरात आपल्याकडं सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, त्यानंतरची वीसेक मिनिटं आकाश निळं असतं, त्यात घेतलेला तालमीचा वाइड शॉट पडद्यावर रात्रच वाटतो आणि झाडं, कौलं, सगळं दिसतं. फक्त रिहर्सल पाच वाजताच झालेली पाहिजे, कारण दुसरा चान्स उद्याच.

पट्टे पट्टे हलताना दिसत असतील तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका, आपल्याकडची लाईट ५० हर्ट्झची आहे, शटर स्पीड १/५० सेकंदावर आणा. तरीही दिसत असतील तर तो एलईडी स्वस्तातला आहे किंवा डिमरवर आहे, बदला.

मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम दिवे लावून शूटिंग केलं होतं, इथंच कोल्हापुरात. त्या काळात त्यांनी अंधारासाठी दिव्यांची सोय केली आणि आपण आज काहीही न लावता रात्र पकडायला जातो, हे मला खरंच खटकतं.

आवाज, आवाज आणि परत आवाज

इथं जास्त वेळ घेतो कारण आमचे तीन रात्रींचे संवाद याच्यात गेले.

आम्ही जागा बघायला दुपारी दोनला गेलो होतो. चिडीचूप. शूटिंग लागलं ऐन सीझनमध्ये, म्हणजे कारखान्याला ऊस घेऊन जाणारे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर, प्रत्येकावर ही मोठी साउंड सिस्टीम, आणि भूत दारात उभं राहिलं की लांबून गाणं वाजत येतंय. ते गाणं नुसतं संवाद खराब करत नाही, अपलोड केल्यावर यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, अडकून व्हिडिओवर क्लेमही येऊ शकतो. त्यात शेतीची थ्री फेज लाईट त्या आठवड्यात रात्रीच्या पाळीला होती, साडेदहाला लाईट आली की ओढ्याकडच्या मोटारी एकदम सुरू. वरून रातकिडे.

तर पहिली गोष्ट, जागा बघायला ज्या वेळी शूट करणार त्याच वेळी जा, हेडफोन लावून दहा मिनिटं नुसतं उभं राहा. लाईटची पाळी कोणत्या आठवड्यात दिवसाची आहे हे गावातल्या कुणाही शेतकऱ्याला विचारा, लगेच सांगतो. आम्ही चौथ्या रात्रीपासून संवादाचे सीन मोटारी सुरू व्हायच्या आत उरकले आणि मुके सीन नंतर ठेवले, एवढ्या एका बदलाने निम्मा त्रास गेला.

माईक कॅमेऱ्यावर ठेवू नका. बूम, म्हणजे लांब काठीला लावलेला माईक, पात्राच्या डोक्यावर, फ्रेमच्या अगदी कडेला, हातभर अंतरावर. हॉररमध्ये कुजबुज आणि किंचाळी एकाच सीनमध्ये असतात, त्यामुळं कुजबुजीसाठी लेव्हल वाढवून ठेवली की किंचाळी फाटते आणि फाटलेली परत शिवता येत नाही. रेकॉर्डरमध्ये दुसऱ्या ट्रॅकवर तोच आवाज दहा-बारा डीबी खाली रेकॉर्ड करायची सोय असेल तर ती चालू ठेवा, नसेल तर नेहमीचं बोलणं मीटरवर उणे बारा डीबीच्या आसपास ठेवा आणि किंचाळी वेगळी घ्या. तालमीत, वाड्यात आवाज घुमतो, फ्रेमबाहेर चारी बाजूंना घोंगडी किंवा गाद्या उभ्या करा.

प्रत्येक जागेवर सगळ्यांनी गप्प राहून एक मिनिट नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करा. एडिटला दोन वाक्यांच्या मधे जी शांतता भरायची असते ती हीच. आणि एखादा संवाद गेलाच असं वाटलं तर त्याच रात्री, मेकअप न काढता, नटाला काचा वर केलेल्या कारमध्ये बसवून तो चार वेळा बोलून घ्या. दोन महिन्यांनी डब करताना तो दम, ती थरथर परत येत नाही, मी प्रयत्न करून बघितलाय. घरात शूट असेल तर फ्रिज बंद करून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे निघताना फ्रिज सुरू करायचं विसरत नाही.

विनोद करायला जाणं

ही खरी मोठी चूक. आमच्या स्क्रिप्टमधला सगळ्यात छोटा सीन असा होता. पोरगा घामाघूम, मागं काळोखात वस्ताद.

“जोर किती मारलंस रं?”

“शंभर, वस्ताद.”

“मी मोजत हुतो. चाळीस.”

पहिल्या वेळी पोराने डोळे मोठे केले, थुंकी गिळली, कॅमेऱ्याकडं जरा बघितलं, आणि आम्ही सेटवर पोट धरून हसलो. एडिटला त्याच्यावर एक टॉंइंग आवाजही टाकला. वीसेक जणांना दाखवलं, कुणी हसलं नाही. मग दुसरा टेक काढला, त्यात पोरगा खरोखर घाबरलाय, खोटं पकडलं गेलं म्हणून त्याची मान हळूहळू खाली जाते आणि तो न बोलता परत जोर मारायला लागतो. म्युझिक काढून टाकलं, “चाळीस” नंतर दोन सेकंद काहीच ठेवलं नाही. त्याच खोलीत, त्याच लोकांपैकी काहीजण मोठ्यानं हसले. पात्राला आपण विनोदी सिनेमात आहोत हे कळता कामा नये, त्याच्यासाठी ते भूत शंभर टक्के खरं आहे. महेश कोठारेंच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू रामदास पाध्येंचा बाहुला होता, पण त्याच्यासमोरची माणसं बाहुल्याला घाबरल्यासारखी नाही, खुन्याला घाबरल्यासारखी वागतात, म्हणून तो आजही लोकांना आठवतो.

यातून शूटिंगला काय बदलायचं? भीतीला क्लोजअप चालतो कारण त्यात आजूबाजूचं लपतं, पण हसू बहुतेक वेळा वाइडमध्ये किंवा दोघांच्या शॉटमध्ये येतं, कारण एकाचं बोलणं आणि दुसऱ्याची अवस्था एकाच वेळी दिसावी लागते. वेळ संपत आली की लोक पहिला कापतात तो रिअ‍ॅक्शन शॉट. तो कापू नका, त्यापेक्षा भुताचा एक शॉट कमी घ्या. आणि प्रत्येक मोठ्या दचक्यानंतर लगेच विनोद नको, लोकांना श्वास सोडू दे, नाहीतर दोन्ही वाया जातं.

लाल मातीत लाल रक्त

रक्त बनवणं सोपं आहे, केकच्या सामानाच्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं, त्यात खायचा लाल रंग आणि गुलाबी दिसू नये म्हणून चिमूटभर कोको पावडर. पण हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती लाल, रक्त पडलं की गायब. शेवटी वस्तादाच्या खांद्यावर पांढरा पंचा दिला आणि रक्त फक्त त्याच्यावर दाखवलं, चार थेंबांत काम झालं. हे गोड असतं, तासाभरात मुंगळे येतात, कपड्याचे दोन जोड ठेवा आणि प्रत्येक टेकनंतर डागाचा मोबाईलवर फोटो काढा.

एक मात्र मनापासून सांगतो. तालीम बंद असली तरी हौद्याची पूजा झालेली असते, बाजूला मारुती असतो. चपला बाहेर, आणि रक्ताचे सीन ताडपत्री टाकून वरती वेगळी माती पसरून करा. शॉटपेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे.

धुरासाठी आम्ही ऊद वापरला, चांगला दिसतो, पण दर टेकला कमी-जास्त होतो, तेव्हा सलग शॉट सलगच घ्या. उसाच्या फडाजवळ पाचट असेल तर धूर, टेंभा काहीही नको. एक ठिणगी पुरते.

गावाला न सांगणं

सातव्या रात्री आम्ही पहाटे चारला सामान आवरलं आणि तिकटीवर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथं, लिंबू, टाचण्या टोचलेली काळी बाहुली आणि कुंकू तसंच राहिलं. सकाळी ते समोरच्या घरातल्या आजींना दिसलं. अकरापर्यंत गावात करणी केली कुणी यावरून दोन भावकींत बोलाचाली सुरू, मागं बांधाचं भांडण होतंच त्यांचं. मी स्वतः जाऊन, हात जोडून, मोबाईलवर शूटिंग दाखवून सांगितलं तेव्हा आजी म्हणाल्या, “बाळा, आधी सांगायचं न्हाईस व्हय?” त्या दोन घरांची झोप आमच्यामुळं गेली याचं मला आजही वाईट वाटतं. शूटिंगच्या आधी सरपंच, पोलीस पाटील आणि शेजारच्या चार घरांना भेटा, पोलीस ठाण्यात कळवा, प्रॉप्सची यादी करून निघताना मोजून घ्या. पांढऱ्या साडीतल्या भुताला रस्त्यावरून चालत नेऊ नका, गाडीत बसवून न्या, समोरून येणारा बाईकवाला बघून पडला तर? पन्हाळ्यावर करायचं डोक्यात असेल तर संरक्षित वास्तूंसाठी केंद्रीय पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्या.

कागदपत्रं आणि काळं मांजर

थिएटरला लावायचा असेल तर सेन्सॉर सर्टिफिकेट लागतंच, आणि आता यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या, वर्गात ७+, १३+, १६+ असे भाग आहेत, त्यामुळं किती रक्त दाखवायचं हे स्क्रिप्टलाच ठरवा. पात्र बिडी ओढत असेल तर तंबाखूची सूचना आणि सुरुवातीला व मध्ये आरोग्याच्या क्लिप लागतात, बिडी गरजेची नसेल तर काढून टाका. कोणताही प्राणी दाखवला तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डची शूटिंगआधी परवानगी आणि नंतर ना हरकत, हे बऱ्याच जणांना एडिट संपल्यावर कळतं. घुबड, साप तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतात, त्यांचा विचारच सोडा.

आमच्या स्क्रिप्टमध्ये काळं मांजर होतं. ते काढलं आणि त्या जागी पायरीवर दुधाचा ग्लास ठेवला, वस्तादासाठी. आधी पितळी पेला होता, त्यात दूध कमी होतंय हे दिसेना, म्हणून काचेचा घेतला. सलाईनची पातळ नळी ग्लासच्या मागच्या बाजूने आत सोडली, दुधात ती दिसत नाही, आणि दुसरं टोक पायरीमागं झोपलेल्या आमच्या असिस्टंटच्या हातातल्या मोठ्या सिरिंजला. कॅमेरा हलवायचा नाही, पोरगा भिंतीला टेकून झोपलेला, आणि मागं ग्लासातलं दूध घोटा-घोटाने खाली जातंय. खर्च ग्लास धरून दीडशे रुपये, आणि संबंध सिनेमात लोक सगळ्यात आधी घाबरतात आणि मग हसतात ते इथं.