कॅन्सरमध्ये भूक मेली, वजन उतरतंय? या चुका टाळा

"केमो चालू आहे, मग वजन उतरणारच." असं म्हणून घरचे गप्प बसतात, आणि पहिली चूक इथेच होते. सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त घटलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं तीन किलोच्या वर गेलं, तर २०११ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार त्याला कॅकेक्सिया म्हणतात. मुळात बारीक असलेल्या माणसात तर २ टक्क्यांहून जास्त घटही पुरेशी धरतात. यात आजारामुळे शरीरभर दाह सुरू होतो, मेंदूतली भुकेची जाणीव दबते आणि स्नायू झिजू लागतात. नुसतं जास्त खाऊ घालून हे पूर्ण भरून येत नाही. म्हणून एकट्या डॉक्टरांचं किंवा एकट्या स्वयंपाकघराचं हे काम नाही.

वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर, सकाळी काही खाण्याआधी करा आणि तारखेसह वहीत लिहा. मात्र पायावर सूज किंवा पोटात पाणी असेल तर काटा फसवतो. आकडा तोच राहतो आणि अंगातलं मांस उतरत असतं. शर्टाची, ब्लाउजची बाही दंडावर सैल पडू लागली तर तेही सांगा.

भुकेचं औषध मागण्याआधी कारण शोधा

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचे कॅन्सर खूप, म्हणून तेच उदाहरण घेऊ. गालाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन चालू आहे, तिसरा-चौथा आठवडा आहे. पेशंट म्हणतो, "जेवण नको." घरचे समजतात, भूक मेली. प्रत्यक्षात तोंड आतून सोललंय, जिभेवर बुरशीचे पांढरे चट्टे आहेत, लाळ चिकट झालीय, तोंड जेमतेम एक बोट उघडतंय. दुखण्यासाठी मॉर्फिन चालू आहे, पण सोबत पोट साफ होण्याचं औषध नीट घेतलं जात नाही, म्हणून चार दिवस शौचाला झालेलं नाही. पोट फुगलेल्या माणसाला भूक लागणार कुठून?

इथे टीमची गरज कळते. बुरशीवर औषध आणि जेवणाआधी अर्धा तास वेदनेची गोळी हे डॉक्टरांचं काम. तोंड कसं धुवायचं ते नर्स दाखवते. तोंड उघडण्याचे आणि गिळण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट करून घेतात. घासात किती कॅलरी आणि प्रोटीन बसवायचं ते आहारतज्ज्ञ ठरवतात. मन खचलंय का, झोप लागते का, हे समुपदेशक विचारतात. पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणाऱ्या टीमचं, नाव ऐकून घाबरू नका. वेदना, मळमळ, बद्धकोष्ठ यांवर त्यांचा हात चांगला बसलेला असतो, आणि उपचार चालू असतानाही ते मदत करतात.

छोट्या गावात इतके सगळे लोक मिळत नाहीत, हे खरं. मग निदान एकाला, नर्स असो की आहारतज्ज्ञ, स्पष्ट विचारा: "वजनाकडे लक्ष कोण ठेवणार?" तसं ठरलं नाही तर प्रत्येक जण आपापला भाग बघतो आणि वजनाला वाली उरत नाही.

पथ्यांची भर

साखर बंद, दूध बंद, तेल-तूप बंद, त्यात जुन्या डायबेटिसचं पथ्य. सगळे सल्ले पाळले की ताटात उरतं काय? साखर सोडून कॅन्सर उपाशी मरत नाही, पेशंटच वाळतो. डायबेटिस असेल तर गोळ्या-इन्शुलिन जुळवून घ्यायला सांगा, स्वतःहून ताट आखडू नका. साधारण हिशेब असा: दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी, आणि प्रोटीन १ ग्रॅमपेक्षा जास्त, जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत. किडनीचा आजार असेल तर आकडे डॉक्टर ठरवतील. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे पातळ पेज आणि नारळपाण्यावर हे गणित जमत नाही. मुगाच्या मऊ खिचडीवर तूप, नाचणीच्या खिरीत दूध, घट्ट दही, असं थोडं थोडं दर दोन तासांनी द्या. बरेच दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या माणसाला मात्र एकदम भरपूर देऊ नका. रक्तातले क्षार धोकादायक घसरू शकतात.

रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी, अन्न देण्याची नळी) म्हणजे शेवट, ही समजूतही सोडा. तोंडाच्या आणि घशाच्या रेडिएशनमध्ये ती बहुतेकदा तात्पुरती असते, आणि वेळेवर घातली तर उपचारात खंड पडण्याची शक्यता कमी होते.

"पडून राहा, शक्ती वाचेल" हा सल्लाही उलटा पडतो. पडून राहिल्याने स्नायू आणखी झिजतात. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, घरातल्या घरात फेऱ्या, एवढंही फिजिओथेरपिस्टला विचारून सुरू करता येतं.

औषधं मनाने नकोत. स्टिरॉइडने भूक लागते, पण जास्त दिवस घेतल्यास स्नायूच झिजतात. मेजेस्ट्रॉल या भूक वाढवणाऱ्या औषधाने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. ओलान्झापिन या मूळच्या मानसिक आजारांवरच्या औषधाचा भुकेसाठीचा अभ्यास पुद्दुचेरीच्या जिपमर या सरकारी वैद्यकीय संस्थेत झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. केमो घेणाऱ्यांना रोज २.५ मिलिग्रॅम, १२ आठवडे दिल्यावर ६० टक्के पेशंटचं वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं. औषध न दिलेल्या गटात हे प्रमाण ९ टक्के होतं. आशा वाटावी असाच हा निकाल आहे. पण त्याने झोप येते आणि रक्तातली साखर वाढू शकते, म्हणून तेही डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. चालू असलेले काढे आणि भस्मंही त्यांना सांगा.

आणि कृपा करून ताटावरून भांडू नका. "माझ्यासाठी दोन घास खा" हे प्रेमाने म्हटलेलं असतं, पण पेशंटला ते ओझं होतं. आजार शेवटच्या टप्प्यात असेल तर जबरदस्तीने भरवल्याने आयुष्य वाढत नाही, त्रास वाढतो. तेव्हा मागेल ते, मागेल तेवढंच द्या आणि तोंड ओलं ठेवा.

पुढच्या तारखेची वाट कधी बघायची नाही? दिवसभर पाणीही पोटात टिकत नसेल, गिळताना ठसका लागत असेल, लघवी फार कमी होत असेल, ताप असेल किंवा पेशंट गुंगीत, असंबद्ध बोलत असेल तर त्याच दिवशी वॉर्डला फोन करा आणि वजनाची वही सोबत घेऊन निघा.