स्टेज काढायची तर आधी पळवाट शोधा

प्रॅक्टिकल शूटिंग म्हणजे धावत-पळत करायची नेमबाजी, आणि स्टेज म्हणजे तिच्यासाठी भिंती-टार्गेट मांडून रचलेला एक डाव. त्याचा नकाशा काढताना टार्गेटपासून सुरुवात करू नका, मातीच्या बांधापासून करा. कागदावर पहिली रेघ बांधाची, शेजारी त्याची उंची आणि दोन्ही बाजूंची लांबी. गोळी कुठे थांबणार हे पक्कं झालं की मग बाकीची नक्षी.

मी ठाण्यात इंटिरियरचे नकाशे काढते आणि फावल्या वेळात थायलंडमधल्या मावसभावाच्या क्लबसाठी स्टेज. पट्टायाला २०२२ मध्ये या खेळाची हँडगनची जागतिक स्पर्धा झाली, तेव्हापासून त्याचं वेड वाढलंय. आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे आठवतात: ठरलेली जागा, ठरलेलं अंतर. इथे शूटर बीप वाजताच धावत सुटतो, भिंतीआडून मारतो, पळता पळता मॅगझिन बदलतो. गुण भागिले सेकंद, म्हणजे हिट फॅक्टर. एक पाऊल वाचलं तरी फायदा, म्हणून नकाशात राहिलेली फट तो शोधणारच. त्यात स्टेज फ्रीस्टाइल हवी, कुठलं टार्गेट कुठून मारायचं ते शूटरने ठरवायचं. ‘इथूनच मारा’ असं लिहून पळवाट बुजवणं हा आळस झाला. ते काम भिंतीने, जाळीने, ड्रमने करायचं.

आकडे लवकर उरकते. आयपीएससी, म्हणजे या खेळाची जागतिक संघटना, तिच्या नियमांत शॉर्ट स्टेजला जास्तीत जास्त १२ गोळ्या, मीडियमला २४, लाँगला ३२. एका जागेवरून ९ पेक्षा जास्त हिट मारावे लागता कामा नयेत. मीडियमसाठी माझा आवडता हिशोब म्हणजे ९ कागदी टार्गेट, प्रत्येकी दोन गोळ्या, वर ४ पॉपर, म्हणजे गोळी लागली की पडणारी धातूची टार्गेट, प्रत्येकी एक गोळी. झाल्या २२ गोळ्या, प्रत्येकीला जास्तीत जास्त ५ धरून ११० गुण. धातूचं टार्गेट ७ मीटरच्या आत नको, तुकडे उलटे येतात. हे अंतर फॉल्ट लाइन, म्हणजे शूटरने ओलांडायची नाही अशी जमिनीवरची रेघ, आखून राखणार असाल तर लाइन ८ मीटरवर ठेवा, म्हणजे पाय बाहेर पडला तरी ७ मीटर शिल्लक राहतात.

खरी मेहनत नव्वद अंशांत आहे. बंदुकीचं तोंड बांधाच्या सरळ दिशेपासून डावी-उजवीकडे नव्वद अंशांपलीकडे गेलं की शूटर बाद, तोही अख्ख्या मॅचमधून. एखादा बाद झाला तर त्याचा दोष; एकाच कोपऱ्यात चौघे बाद झाले तर स्टेज काढणाऱ्याचा, असं माझं सरळ मत आहे.

मी हे आमच्या सोसायटीच्या गच्चीवर तपासते. जांभळी नाक्यावरून आणलेली सुतळी, मास्किंग टेप आणि फ्रिजच्या खोक्यातून ४५ सेंटिमीटर रुंद कापलेले पुठ्ठे. पाण्याच्या टाकीची भिंत म्हणजे बांध, पुठ्ठे म्हणजे टार्गेट. पुठ्ठा उभा करायचा आणि त्याच्या रेषेत बांधाला समांतर सुतळी ताणायची. धावणारा माणूस त्या सुतळीपाशी पोचण्याआधी तो पुठ्ठा त्याच्या नजरेआड झालाच पाहिजे. दिसत राहिला तर घाईत पुढे गेलेला शूटर मागे वळून मारणार, आणि वळला की नव्वद मोडले. मध्ये एक ड्रम किंवा हिरव्या जाळीची चौकट घाला, प्रश्न मिटला.

डावीकडची धाव जास्त बारकाईने बघा. उजव्या हाताचा शूटर मॅगझिन बदलताना बंदूक आपसूक डावीकडे झुकवतो, त्यात त्याचं अंगही तिकडेच वळलेलं असतं. तो रस्ता थोडा पुढे तिरका काढला की त्याला सांभाळता येतं. डावखुऱ्यासाठी हेच सगळं उलट.

गच्चीवर बंदूक न्यायची नाही, खेळण्यातलीही नाही. दोन बोटं पुरतात. मॅचमध्ये स्टेज बघतानाही नेम धरून पाहायला शूटरला स्वतःच्या हातांशिवाय काही वापरता येत नाही. आमच्या सेक्रेटरींना वाटलं, मी वॉटरप्रूफिंगची मापं घेतेय. मी तो समज मोडला नाही, उलट गळती कुठे आहे तेही दाखवलं.

मग माणसं चालवा. वॉचमनकाका सहा फुटांच्या वर आहेत, भाची डावखुरी आणि बुटकी. १.८ मीटर किंवा त्याहून उंच भिंत नियमात आभाळापर्यंत धरतात, पण त्याहून बुटकी ठेवली तर वॉचमनकाका तिच्यावरून आरामात डोकावतात आणि पलीकडची तीन टार्गेट त्यांना सुरुवातीच्या जागेवरूनच दिसतात. भाचीला उंच खिडकीतून आभाळच दिसतं. खिडकी असली की गुडघ्यावर बसूनही बघायचं: खालून निघालेली रेघ टार्गेटमधून पुढे वाढवा, ती बांधाच्या माथ्यावरून जात असेल तर टार्गेट खाली आणा.

लेखी ब्रीफिंगमध्ये टार्गेटची संख्या आणि प्रकार, किमान गोळ्या, बंदुकीची स्थिती, सुरुवातीची जागा, वेळ कशाने सुरू होणार आणि करायचं काय, एवढं हवंच. सुरुवातीच्या जागेबद्दल कंजुषी नको. ‘दाराजवळ उभे राहा’ म्हटलं की दहा जण दहा ठिकाणी उभे राहतील. ‘दोन्ही टाचा खुणेला टेकलेल्या, हात नैसर्गिक स्थितीत बाजूला’ असं लिहा आणि खूण खरोखर रंगवा.

मंजुरी मात्र काढणाऱ्याने स्वतःच देऊ नये. तिसऱ्या पातळीच्या (लेव्हल थ्री) आणि त्यावरच्या मोठ्या मॅचच्या स्टेज आयपीएससीकडे मंजुरीला जातात. क्लबच्या छोट्या मॅचला ती सक्ती नसते, म्हणून तिथे कुणीतरी खवट माणूस हवाच. माझा मावसभाऊ नकाशा हातात पडला की आधी नियम बघत नाही, स्टेज लुटता येते का ते बघतो. ‘ताई, चौथा पॉपर मी धावायच्या आधीच पाडला,’ असा लाल गोल करून नकाशा परत येतो. मी जाळी अर्धा मीटर सरकवते, तो पुन्हा लुटायला बघतो. हे दोन-तीनदा झालं की मग रेंज मास्टर, म्हणजे मॅचच्या मैदानाचा मुख्य अधिकारी. मैदानावरची सही त्याची.

बदल करायचे ते पहिली गोळी सुटायच्या आत. मॅच सुरू झाल्यावर स्टेज बदलली तर आधी मारलेल्यांनाही पुन्हा मारायला लावावं लागू शकतं, आणि सगळ्यांना समान संधी उरली नाही तर अख्खी स्टेज रद्द. म्हणून मंजुरी मिळताच प्रत्येक टार्गेटच्या काठ्यांच्या बुडाशी आणि भिंतींच्या पायांशी जमिनीवर स्प्रेने खुणा करा आणि सुरुवातीच्या जागेवरून फोटो काढून ठेवा. पावसासाठी प्लास्टिक घालणार असाल तर सगळ्या कागदी टार्गेटना एकदमच घाला, एकाला घातलं आणि एकाला नाही असं नको.