राइड जीपीएसमधून ऑनलाइन नोंदीत नेण्यापूर्वी: तयारीची यादी

गार्मिनच्या ईट्रेक्स किंवा जीपीएसमॅप या मालिकांतल्या, हातात मावणाऱ्या जीपीएस यंत्रावर सायकलच्या राइडची नोंद करून ती नंतर स्ट्राव्हा, गार्मिन कनेक्ट किंवा राइड विथ जीपीएस यांपैकी एखाद्या संकेतस्थळावर चढवणाऱ्यांसाठी ही यादी आहे. फोनवर हे सगळे आपोआप होत असताना हा खटाटोप कशासाठी, असे विचारणारे भेटतातच. मात्र गगनबावड्याच्या पावसात फोनचा ओला पडदा बोटांना दाद देत नाही आणि दुपारपर्यंत त्याची बॅटरी मान टाकते, तेव्हा दोन पेन्सिल सेलवर सुमारे पंचवीस तास चालणारे, बटणे दाबून हाताळता येणारे यंत्र हँडलवर असलेले बरे वाटते. अडचण एवढीच की या यंत्रातली राइड स्वतःहून कुठेही जात नाही. ती आपल्यालाच न्यावी लागते. प्रत्येक बिंदूची वेळ जिच्यात शाबूत आहे अशी मूळ फाइल हीच खरी नोंद असून संकेतस्थळावर दिसते ती तिची प्रत असते, हे धरून पुढची सगळी तयारी करावी.

तयारीला आदल्या रात्रीच बसावे. आधीच्या राइडचा ट्रॅक, म्हणजे वाटेवर टिपलेल्या बिंदूंची माळ, यंत्रात ‘करंट’ म्हणून उरलेला असेल तर तो जतन करून (लेजंड, व्हिस्टा या जुन्या यंत्रांवर संगणकावर उतरवून) चालू नोंद रिकामी करावी आणि ट्रिप कॉम्प्युटरवरचे अंतराचे व वेळेचे आकडेही शून्यावर आणावेत. जुन्या ईट्रेक्सवर ‘सुरू’ आणि ‘बंद’ असे वेगळे बटण नसते. यंत्र चालू असले आणि नोंदीची सोय चालू ठेवलेली असली की बिंदू साठत राहतात, त्यामुळे मागच्या रविवारचा जोतिबा आणि या रविवारचा पन्हाळा एकाच फाइलमध्ये येऊन बसणे अगदी सहज शक्य असते.

यानंतर नोंदीचे अंतर ठरवावे, आणि इथे थोडा हिशेब करण्यास हरकत नाही, कारण पुढच्या निम्म्या तक्रारींचे मूळ इथेच असते. ईट्रेक्स २० आणि ३० यांच्या चालू ट्रॅकमध्ये १०,००० बिंदू मावतात. दर सेकंदाला एक बिंदू घेतला तर ही जागा २ तास ४६ मिनिटांत भरते. कोल्हापूरहून पन्हाळ्याला जाऊन परत येण्यास ती पुरेल, गगनबावड्याच्या जाऊन-येऊन शंभर किलोमीटरहून अधिक होणाऱ्या राइडला पुरणार नाही. दर तीन सेकंदांना एक बिंदू घेतला तर तीच जागा ८ तास २० मिनिटे पुरते. यंत्राच्या मर्जीवर सोडणारा ‘ऑटो’ हा पर्याय सपाट रस्त्याला चालतो, परंतु त्यातला विरळ नोंदीचा प्रकार निवडला तर घाटातली वळणे कापली जातात आणि वाघबीळच्या चढावर आपण रस्ता सोडून डोंगरातून गेलो असे नकाशावर दिसते. वीस किलोमीटरच्या वेगाने तीन सेकंदांत साधारण सतरा मीटर अंतर जाते आणि एवढ्या अंतरात वळणाचा आकार टिकतो, म्हणून दिवसभराच्या राइडला तीन सेकंद हे प्रमाण योग्य वाटते. त्याच पानावर ‘ऑटो आर्काइव्ह’ हा पर्याय असतो. तो ‘भरल्यावर’ असा ठेवला तर भरलेला भाग आर्काइव्हच्या फोल्डरमध्ये जातो. तो नीट लक्षात ठेवावा, कारण घरी आल्यावर एकट्या ‘करंट’ची फाइल उचलली तर राइडचा पहिला भाग यंत्रातच राहून जातो.

सेलचा प्रकार यंत्राला सांगावा लागतो, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. रिचार्जेबल निकेल सेल १.२ व्होल्टचे आणि साधे अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचे असल्याने सेटिंगमध्ये चुकीचा प्रकार राहिला तर उरलेल्या चार्जचा अंदाज खोटा ठरतो आणि यंत्र अर्ध्या वाटेत मिटते. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची, मुदत साडेतेरा तासांची असते, तिला एक जोडी पुरते. सहाशेची चाळीस तासांची असते, तिथे जादा सेल जवळ हवेतच. सेल बदलल्यावर ट्रॅक नव्या तुकड्याने सुरू होतो, मात्र आधीचा पुसला जात नाही, त्यामुळे तिथे घाबरण्याचे कारण नाही.

यंत्रावरची तारीख एकदा डोळ्यांखालून घालावी, विशेषतः यंत्र जुने किंवा दुसऱ्याकडून घेतलेले असेल तर. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक १०२३ पर्यंतच मोजला जातो आणि नंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतो; असा फेरा ६ एप्रिल २०१९ रोजी पूर्ण झाला. ज्या यंत्रांचे सॉफ्टवेअर त्यासाठी सुधारलेले नाही, ती १०२४ आठवडे, म्हणजे साडेएकोणीस वर्षांहून जास्त, मागची तारीख दाखवतात. रस्ता, वेग आणि उंची सगळे बरोबर असूनही अशी राइड ऑनलाइन नोंदीत कुठल्या तरी जुन्या वर्षाच्या तळाशी जाऊन पडते आणि आपण ती आजच्या पानावर शोधत बसतो. उपाय म्हणजे आधी यंत्राचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे. ते उपलब्ध नसेल तर फाइलमधल्या सगळ्या वेळा एकदम पुढे सरकवणारे जीपीएसबेबेल हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर तयार ठेवावे.

निघण्याच्या सकाळी यंत्र मोकळ्या आकाशाखाली चालू करावे. महाद्वार रोडच्या आजूबाजूच्या बोळांत दोन्हीकडच्या इमारती आकाशाची पट्टीच ठेवतात, तिथे उपग्रह शोधत बसण्यापेक्षा रंकाळ्याच्या काठावर यावे. उंचीसह स्थान मिळण्यासाठी किमान चार उपग्रह लागतात. उपग्रहाच्या कक्षेचा तपशील दर तीस सेकंदांनी प्रक्षेपित होत असला तरी यंत्र बरेच दिवस बंद असेल तर जास्त वेळ लागतो, कारण सर्व उपग्रहांचा ढोबळ आराखडा पूर्ण मिळण्यास साडेबारा मिनिटे जातात. सोबतचे लोक पुढे निघाले तरी स्थान पक्के झाल्याखेरीज पेडल मारू नये. नाहीतर पहिला बिंदू भलत्याच पेठेत पडतो आणि तिथून एक सरळ रेघ आपल्यापर्यंत ओढली जाते.

ईट्रेक्स ३० सारख्या, हवेच्या दाबावरून उंची काढणाऱ्या यंत्राला निघताना खरी उंची सांगणे आवश्यक असते. दाबात एका हेक्टोपास्कलचा फरक पडला की उंची आठ-नऊ मीटरने बदलते, आणि पावसाळ्यात असा फरक एका रात्रीतही पडतो. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिण्याची पद्धत आहे. शाहू टर्मिनसवरचा आकडा एकदा टिपून, तिथेच उभे राहून यंत्र जुळवले आणि मग नेहमीच्या निघण्याच्या जागेची उंची वाचून लिहून ठेवली, तर पुढे प्रत्येक वेळी स्थानकावर जावे लागत नाही.

वाटेतली तयारी थोडी आहे, पण ती चुकली की पुढे काम वाढते. मिसळीसाठी तासभर थांबायचे असेल तर नोंद थांबवावी, कारण जागेवरचे यंत्रही आपले स्थान चार-सहा मीटर इकडेतिकडे दाखवत राहते आणि टपरीभोवती रेघोट्यांचा गुंता तयार होतो. परतताना सायकल टेम्पोत टाकली तर यंत्र तत्क्षणी बंद करावे. करूळ घाटातून टेम्पोने चढलेले दहा किलोमीटर राइडमध्ये राहिले तर सेगमेंटच्या, म्हणजे रस्त्याच्या ठरावीक तुकड्यावरच्या वेगाच्या क्रमवारीच्या, यादीत आपले नाव सर्वांच्या वर जाते आणि त्याची तक्रार करणारे नेमके ओळखीचेच असतात.

घरी आल्यावर केबल लावण्याची घाई करू नये. यंत्र पाण्यात टिकणारे असले तरी ते टिकणे मागच्या रबरी झाकणावर अवलंबून असते. झाकण उघडून पिनेच्या जागी ओल दिसली तर कोरड्या कापडाने टिपून ती पूर्ण वाळू द्यावी. या यंत्रांना बहुधा मिनी यूएसबी पिन लागते, हल्लीच्या फोनची केबल चालत नाही, आणि घरात सापडणाऱ्या जुन्या केबलींपैकी काही फक्त चार्जिंगच्या असतात. केबल लावल्यावर यंत्र उजळले, पण संगणकावर नवा ड्राइव्ह दिसला नाही, तर आधी केबल बदलून पाहावी आणि मग यंत्रातील इंटरफेसचे सेटिंग तपासावे. डेटा नेणारी एक केबल चिठ्ठी लावून यंत्राच्या पिशवीतच ठेवणे सोयीचे.

ड्राइव्ह दिसला की गार्मिन नावाचे फोल्डर, त्यात जीपीएक्स, आणि त्यात करंट व आर्काइव्ह अशी उतरंड लागते. इथली पहिली कृती एकच असावी: संपूर्ण जीपीएक्स फोल्डर जसेच्या तसे संगणकावर उतरवावे, त्याला राइडची तारीख व रस्ता यांचे नाव द्यावे आणि त्याची आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर ठेवावी. यंत्रातली फाइल यंत्रातच उघडून तिच्यात बदल करू नये, आणि केबल ओढण्यापूर्वी ड्राइव्ह रीतसर बाहेर काढावा.

उतरवलेली फाइल चढवण्याआधी एकदा साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहावी. जीपीएक्स हा साध्या अक्षरांत लिहिलेला प्रकार असल्याने त्यातला एकेक बिंदू वाचता येतो. रंकाळ्याजवळच्या बिंदूत अक्षांश १६.६९ आणि रेखांश ७४.२१ च्या आसपास दिसतील, त्याखाली मीटरमध्ये उंची आणि त्याखाली वेळ. ही वेळ भारतीय नसते. ती जागतिक प्रमाणवेळ असते आणि तिच्या शेवटी झेड हे अक्षर असते. पहाटे पाच वाजून दोन मिनिटांनी निघालेल्याच्या पहिल्या बिंदूवर म्हणूनच आदल्या दिवसाची तारीख आणि २३:३२ ही वेळ दिसते. ती चूक समजून कोणी ‘दुरुस्त’ करायला जाऊ नये: संकेतस्थळ साडेपाच तास स्वतः मिळवते, आणि आपणही मिळवले तर राइड सकाळी साडेदहाला सुरू झाल्याचे दिसेल.

वेळेची ओळच दिसत नसेल तर मात्र थांबावे. ईट्रेक्सच्या लेजंड आणि व्हिस्टा या जुन्या यंत्रांत ‘सेव्ह’ केलेल्या ट्रॅकमधून वेळ काढून टाकली जाते आणि बिंदूही कमी केले जातात. चालू नोंदीत मात्र वेळ आणि सगळे बिंदू असतात. वेळ नसलेली फाइल स्ट्राव्हा स्वीकारत नाही, आणि हा नकार योग्यच आहे, कारण वेळेशिवाय ती राइड नसून नुसता रस्ता असतो. अशा यंत्रावर ‘सेव्ह’ला हात न लावता चालू नोंदच संगणकावर उतरवावी आणि ती उतरेपर्यंत रिकामी करू नये.

साफसफाई करायची ती प्रतीवर. आर्काइव्ह आणि करंटमधले तुकडे जोडणे, टेम्पोचा भाग कापणे, भलत्या पेठेतला पहिला बिंदू काढणे एवढे पुरे. रेघ सुबक दिसावी म्हणून बिंदू हलवत बसण्यात अर्थ नाही.

ऑनलाइन खात्याची तयारी फाइल चढवण्याच्या आधी झालेली असावी, कारण चढवलेली राइड लगेच इतरांना दिसू लागते. सुरुवातीचा व शेवटचा भाग झाकण्याची सोय स्ट्राव्हावर १६०० मीटरपर्यंत देता येते, ती घराच्या पत्त्यासाठी आधीच लावून घ्यावी. रोज ठरावीक वेळी घर रिकामे असते हे नकाशासह जाहीर करण्यात शहाणपण नाही. फोनवरही तीच राइड नोंदवली असेल तर दोहोंपैकी कोणती ठेवायची ते आधी ठरवावे, म्हणजे एकाच सकाळच्या दोन नोंदी होऊन महिन्याची बेरीज फुगणार नाही. स्ट्राव्हावर फाइलची मर्यादा २५ एमबीची असून आठ तासांची राइडही सहसा तिच्या आत बसते. यंत्रावरची चढाई आणि संकेतस्थळावरची चढाई यांत फरक येणारच, कारण दाबमापक नसलेल्या यंत्राची उंची स्ट्राव्हा बाजूला ठेवून आपल्या नकाशावरून काढते. दाबमापक असूनही तसे झाले तर फाइलच्या आरंभी यंत्राचे नाव असते, त्यापुढे इंग्रजीत ‘विथ बॅरोमीटर’ हे शब्द जोडल्यास फाइलमधलीच उंची धरली जाते.

राइड नेहमीच्या डांबरी रस्त्याची नसून शेतातल्या पाणंदीची किंवा राधानगरीकडच्या आडवाटेची असेल, तर तीच फाइल ओपनस्ट्रीटमॅपला, म्हणजे लोकांनी मिळून काढलेल्या खुल्या नकाशाला, देण्याचाही विचार करावा; त्यावरून नकाशा काढणाऱ्यांना तो रस्ता भरता येतो. तिथेही वेळ असलेले बिंदूच लागतात, आणि फाइल किती उघड ठेवायची याचे चार पर्याय असल्याने ते वाचून निवड करावी.

नकाशा, अंतर, तारीख आणि सुरुवातीची वेळ संकेतस्थळावर बरोबर दिसल्याशिवाय, आणि संगणकावरची मूळ फाइल पुन्हा एकदा उघडून पाहिल्याशिवाय यंत्रातली नोंद पुसू नये. पुढची राइड लवकर नसेल तर यंत्रातले सेल काढून ठेवावेत. अल्कलाइन सेल पडून राहिले की पाझरतात आणि आतल्या पत्र्यांना हिरवट थर चढतो.