बनी तो बनी, नहीं तो परभणी : नोकरी गेलेल्या को-पायलटकडून सिनिऑरिटीची शिकवणी

जुलै 2020 मध्ये टर्मिनेशनचा ईमेल आला तेव्हा मी पूर्णा तालुक्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत सतरंजीवर पडलो होतो. क्वारंटाइन, चौदा दिवस. ई-पास काढून मुंबईहून गाडीनं आलो होतो आणि गावानं वेशीवरूनच शाळेत नेऊन घातलं होतं. याच शाळेत माझ्या वडिलांनी, आबांनी अकरा वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला. खिडकीच्या गजातून शेजारची म्हातारी विचारत होती, "काय रे बाबू, इमानं बंद पडलीत म्हणं?" मी मान हलवली. हातात मोबाइल, मोबाइलवर तो ईमेल. तिला काय सांगणार!

हे लिहायचं कारण म्हणजे लातूर, नांदेड, बीडकडची पोरं-पोरी अधूनमधून फोन करतात. कुणाचं सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) झालेलं असतं, कुणाचं होत आलेलं असतं. पेपर, आरटीआर (रेडिओवर बोलायचा परवाना), क्लास वन मेडिकल, 200 तास हे तुम्हाला माझ्यापेक्षा ताजं पाठ आहे, ते सांगत बसत नाही. मी जिथं फसलो ती एकच गोष्ट सांगणार आहे. जरा जास्तच सांगेन. चालवून घ्या.

सिनिऑरिटी म्हणजे काय हे आपल्याकडं समजावायला विमान लागत नाही, झेडपीचा मास्तर पुरतो. आंतरजिल्हा बदली घेऊन आलेल्या मास्तरची वीस वर्षं नोकरी झालेली असली तरी नव्या जिल्ह्याच्या सेवाज्येष्ठता यादीत तो तळाला बसतो. शिकवण्याचा अनुभव त्याच्याबरोबर येतो, यादीतली जागा मागंच राहते. पायलटचं डिट्टो तेच. लॉगबुकातले तास तुमचे, ते कुठंही न्या. सिनिऑरिटी नंबर मात्र त्या कंपनीचा, कंपनी सुटली की तो संपला. 17 एप्रिल 2019 ला जेट एअरवेजचं उड्डाण थांबलं तेव्हा पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षांचे नंबर एका रात्रीत नुसते आकडे होऊन बसले. त्याआधी 2012 मध्ये किंगफिशरच्या लोकांनी हेच भोगलं होतं.

त्यातही कॅप्टन थोडा तरतो. नव्या कंपनीला कमांडरची, म्हणजे कॅप्टनची गरज असली तर त्याला थेट डाव्या, कॅप्टनच्या सीटवर घेतात, फक्त कमांडरांच्या यादीत तळाला टाकतात. मार बसतो तो कमांडच्या, म्हणजे कॅप्टन व्हायच्या तोंडाशी आलेल्या को-पायलटला. म्हणजे मला. 2020 च्या मार्चमध्ये माझे 2,900 तास झाले होते आणि अपग्रेडच्या रांगेत माझ्यापुढं चाळीस जण होते. पंचवीस मार्चला देशांतर्गत विमानं थांबली, पंचवीस मेला सुरू झाली, पण माझी नाही. आधी बिनपगारी रजा, मग तो ईमेल. आपण नोकरी सोडायची तर डीजीसीएच्या (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) 2017 च्या नियमानं को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस आणि कमांडरला वर्षाची. कंपनीनं आपल्याला सोडायचं तर एक दुपार पुरली.

आता माझी चूक.

दीड वर्ष काम नव्हतं. मेडिकल, आयआर (ढगा-धुक्यात नुसत्या उपकरणांवर उडवायचं रेटिंग) वगैरे कर्ज काढून जिवंत ठेवलं, त्याचं पुढं सांगतो. 2022 च्या सुरुवातीला दुसऱ्या एका कंपनीचा सिम्युलेटर चेक पास झालो. एचआरच्या बाईंनी फोनवर दोन तारखा दिल्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यातली बॅच किंवा एप्रिलमधली, तुम्हाला सोयीची पडेल ती घ्या म्हणाल्या. ज्या सुरात त्यांनी विचारलं त्यावरून वाटावं की दाताच्या डॉक्टरची वेळ ठरवतोय.

मी एप्रिल घेतली.

कारणं तीन होती आणि तिन्ही त्या वेळी शहाणपणाची वाटत होती. एक, मार्चमध्ये बहिणीचं लग्न, जिंतूरला. दोन, जुन्या कंपनीकडं ग्रॅच्युइटी आणि काही पगार अडकलेला. दुसरीकडं रुजू झालो तर ते हात वर करतील अशी भीती. (ही भीती बिनबुडाची. घेणं हे घेणंच असतं, तुम्ही कुठं काम करता यानं ते बुडत नाही.) आणि तिसरं, खरं कारण, एक सीनियर कॅप्टन. व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. ते म्हणाले, "घाई नको. कंपनी महिन्याभरात रीकॉल काढतेय. जुन्या नंबरावर परत आलास तर थेट कमांडच्या रांगेत."

आबांना विचारलं तेव्हा ते शेंगा फोडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आधी रुजू हो. तारीख धर. लग्नाला काय, एका दिवसाची रजा टाक अन् अक्षता टाकून जा." मला वाटलं, आबांना झेडपीचं माहीत, एव्हिएशनमधलं काय कळणार! आज हे वाक्य लिहितानाही कान गरम होतात.

मार्चची ती बॅच आणि एप्रिलची माझी, यांच्यामध्ये आणखी एक बॅच बसली. दोन्ही मिळून 28 जण. त्या कंपनीत सिनिऑरिटी रुजू झाल्याच्या तारखेनं ठरते आणि एका बॅचमध्ये वयानं. म्हणजे पाच आठवड्यांच्या सोयीसाठी मी 28 माणसं स्वतःच्या हातानं पुढं जाऊ दिली. त्यात 700 तासांचा एक पोरगा होता, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. यादीला तास दिसत नाहीत, तुम्ही किती धुक्यात विमान उतरवलंय ते दिसत नाही. तारीख दिसते.

पहिल्या वर्षी काही जाणवलं नाही. मग बेस, म्हणजे जिथून ड्यूटी सुरू होते त्या शहराचं वाटप आलं. हैदराबाद हवं होतं, रात्रीच्या रेल्वेनं सकाळी घर. जागा संपल्या, मला कोलकाता मिळालं. मग दिवाळीची रजा. मग पोळ्याची, जी मी आयुष्यात कधी चुकवली नव्हती. आणि मग 2024 च्या उन्हाळ्यात अपग्रेडची यादी लागली. ती माझ्या वर नवव्या माणसापाशी थांबली. म्हणजे माझ्यापुढं नऊ जण उरले. मार्चमध्ये बसलो असतो तर 28 नंबर वर, सरळ यादीत, वर अठरा जागा शिल्लक. बोटांवर करून बघा, मी शंभर वेळा केलंय. पुढची यादी लगेच येईल म्हणत होते, पण नव्या विमानांची डिलिव्हरी लांबली आणि यादीही लांबली. कमांड म्हणजे नुसती डावी सीट नाही, पगारात दुपटीहून जास्त फरक आहे. माझ्या कर्जाचे हप्ते त्या फरकातून फिटायचे होते.

गेल्या हिवाळ्यात तो 700 तासवाला पोरगा माझा कॅप्टन म्हणून शेजारी बसला. चांगला आहे, नीट उडवतो. ब्रीफिंगमध्ये त्यानं मला "सर" म्हटलं आणि आम्ही दोघंही ओशाळलो.

आणि त्या रीकॉलचं काय झालं? ते नीट समजून घ्या, कारण आपली पोरं अमेरिकन पायलटांचे व्हिडिओ बघून तिथलेच शब्द इथं वापरतात. तिथल्या मोठ्या कंपन्यांमध्ये युनियनचा करार असतो. कपात करायची तर यादीच्या तळापासून. त्याला फर्लो म्हणतात. फर्लोवर गेलेल्याचा नंबर शाबूत राहतो आणि परत बोलावताना त्याच क्रमानं बोलावतात. 11 सप्टेंबर 2001 नंतर हजारो जण असे घरी गेले, काहींनी वर्षानुवर्षं वाट बघितली, पण वाट बघण्याला काही अर्थ होता. माझ्या पत्रात रीकॉल हा शब्दच नव्हता. त्यात टर्मिनेशन होतं. आमचे कॅप्टनसाहेब जो शब्द वापरत होते तो आमच्या कराराच्या एकाही पानावर नव्हता आणि मी करार उघडूनही बघितला नाही. जुन्या कंपनीनं पुढं काही लोक घेतले, नाही असं नाही. नवीन कॉन्ट्रॅक्ट, नवीन तारीख, नवीन नंबर. ते साहेब स्वतः? ते तेव्हा आखातात नोकरीला होते. फुकटचा सल्ला देणारा माणूस कुठल्या सीटवर बसून देतोय ते आधी बघावं, असं माझं मत झालंय. कडवट वाटेल तर वाटू दे.

विलीनीकरणाचंही थोडं सांगतो, कारण कंपनी बुडाली नाही तरी नंबर हलतो. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. कोण कुणाच्या वर, नव्या बोइंग 787 विमानांवर ट्रेनिंग कुणाला, यावरून खदखद चालूच राहिली. न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती बसली, आणि 2012 मध्ये पायलटांचा एक संप 58 दिवस चालला. अमेरिकेत यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट 2005 मध्ये एकत्र आल्या. लवादानं यादी लावून दिली तरी दोन्हीकडचे पायलट वर्षानुवर्षं कोर्टात भांडत राहिले. आपल्याकडं 12 नोव्हेंबर 2024 ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. बाहेरच्याला वाटतं लोक विमानाच्या रंगावरून भांडत असतील. भांडण नंबराचं असतं. भावकीत बांधावरून होतं तसंच, वीतभर जागा आणि तीन पिढ्या वैर.

घाबरवायला लिहीत नाही. नोकरी गेली म्हणजे पायलट संपला असं अजिबात नाही. माझ्याबरोबर ज्यांची गेली त्यातले बहुतेक आज उडतायत. फक्त मधला काळ कसा काढता त्यावर बरंच ठरतं. कंपनी डळमळू लागल्याचा वास आला, म्हणजे पगार दहा-दहा दिवस उशिरा व्हायला लागला, की पहिलं काम लॉगबुकाचं. तास ईजीसीएवर (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर) चढलेत का, ऑपरेटरची मंजुरी पडलीय का, बघा. ऑफिसला कुलूप लागल्यावर मंजुरी देणारा माणूस शोधत फिरावं लागतं. ट्रेनिंगच्या नोंदी, सिम्युलेटर चेकचे फॉर्म, सगळ्याच्या प्रती घरी. क्लास वन मेडिकल आणि आयआर संपू देऊ नका, मग मायचे दागिने गहाण पडले तरी चालतील (आमच्या पडले). 90 दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंगची अट घरी बसून पाळता येत नाही, पण तेवढं सिम्युलेटरमध्ये भरून निघतं. मेडिकल, आयआर सगळंच संपलेलं असलं तर कंपनी पुढच्या उमेदवाराकडं वळते. लॉस ऑफ लायसन्स विम्यावर विसंबू नका. तो तब्येतीमुळं लायसन्स गेलं तर आहे, नोकरी गेल्यावर एक रुपया देत नाही. आणि कर्जाचे हप्ते थांबवायची सवलत मिळाली तर खूश होऊ नका. 2020 मध्ये सहा महिन्यांची सवलत मी आनंदानं घेतली, व्याज मात्र थांबलं नव्हतं.

शॉर्टकटचं विचाराल तर माझं मत एकांगी आहे. नोकरी हातात नसताना स्वतःच्या पैशानं टाइप रेटिंग (एका ठरावीक जातीचं विमान उडवायचं रेटिंग) करणं म्हणजे पाऊस न बघता सोयाबीन पेरणं. कधी उगवतं, नाही असं नाही. पण दुबार पेरणीला आपल्याकडं दुसरं वावर उरत नाही. आमचं चार एकर सीपीएललाच गेलं होतं. "सीट पक्की करून देतो" म्हणणारे एजंट, पेननं वाढवलेले तास, यांच्याजवळही उभं राहू नका. 2011 मध्ये बनावट गुणपत्रिकांवर लायसन्स काढलेले पायलट पकडले गेले, अटक झाली. ते लोकही हुशार होते आणि त्यांनाही कुणीतरी "सगळे असंच करतात" सांगितलं होतं.

एक प्रश्न फोनवर हटकून येतो. दोन कंपन्यांचे कॉल आले तर पगार बघू का विमान बघू? मी म्हणतो, जी आधी बसवून घेते ती बघा, आणि तिच्याकडं पुढच्या दोन-तीन वर्षांत विमानं वाढणार आहेत का ते बघा. वाढत्या कंपनीत तळाचा माणूस लवकर मधे येतो. थांबलेल्या कंपनीत तळ तळच राहतो. ऑफर लेटरमध्ये सिनिऑरिटी कशावरून धरणार, रुजू झाल्याच्या तारखेवरून की ट्रेनिंग संपल्याच्या, हे लेखी विचारा. विचारलं म्हणून ऑफर काढून घेतलेली मी अजून बघितली नाही. लग्न, बारसं, वास्तुशांती यांना लोक समजून घेतात. बहिणीनं नंतर सांगितलं, तू एक दिवस आला असतास तरी मला चाललं असतं. ते तिनं आधी सांगायला हवं होतं, पण मी तरी कुठं विचारलं!

आबा आता निवृत्त आहेत. दर रविवारी फोन करतात, पाऊसपाणी झालं की एकच प्रश्न. "किती ऱ्हायले?" दीड वर्ष माझं एकच उत्तर होतं, नऊ. परवा वरचा एक जण राजीनामा टाकून आखातात गेला. मी रविवारची वाट न बघता फोन केला. "आबा, आठ."

"बरं झालं," ते म्हणाले. "त्याला तिकडं तारीख आधीची भेटली का, विचार."