कुळागरात माकडं येतात? आधी त्यांचा साकव शोधा

गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोणच्या कुळागरांत, म्हणजे पोफळी-माड-केळीच्या बागांत, माकडं कुठून शिरतात ते पाहायला मान वर करा. रानाच्या कडेचा आंबा किंवा फणस, आणि त्याची एक फांदी पोफळीच्या शेंड्याला टेकलेली. तोच त्यांचा साकव, म्हणजे ये-जा करायचा छोटा पूल.

पंधरा दिवस वहीत टिपा: कोणत्या वेळी आली, कुठल्या झाडावरून, किती होती, काय खाल्लं. काळ्या तोंडाचे वानर की लाल तोंडाची माकडं, हेही लिहा. वानर मुख्यतः पाला, कळ्या, कोवळी फळं खातो. माकडाला मात्र काहीही चालतं. शिवाय त्याच्या गालांत पिशव्या असतात. ते मिळेल ते भराभर आत कोंबतं आणि लांब फांदीवर बसून सावकाश चावतं. म्हणून ‘लगेच हाकललं’ म्हणजे नुकसान टळलं असं नव्हे. राखणदार ती यायच्या वेळेआधीच साकवाखाली हवा.

मग साकव तोडा. दोन झाडांमध्ये निदान चार-पाच मीटर मोकळं राहील अशी छाटणी करा. वानरांना त्याहून जास्त अंतर लागतं, उंचावरून ते फार लांब झेप घेतात. छाटणी पावसाआधी करा आणि चतुर्थीनंतर पुन्हा पाहा, तोवर कोंब फुटून साकव परत जुळलेला असतो. कौलांवर आलेल्या फांद्याही काढा. वीजतारांजवळची फांदी मात्र स्वतः तोडू नका, वीज खात्याला कळवा.

खोडाला गुळगुळीत पत्रा गुंडाळायचा उपाय एकट्या उभ्या माडालाच. दाट कुळागरात तो खर्च वाया जातो, कारण तिथे माकड शेंड्यावरून शेंड्यावर जातं, खोडावरून चढतच नाही.

बुजगावणं आणि फटाके चार दिवस चालतात. आवाजानंतर काहीच होत नाही हे एकाला कळलं की बाकीची त्याला बघून शिकतात.

केळीचा घड तीन-चतुर्थांश भरला की उतरवून घरात पिकवा. पडलेले फणस, काजूची बोंडं त्याच संध्याकाळी उचला. रानाच्या बाजूला हळद, आलं लावा, केळी आत घ्या. आणि अनमोड-चोर्ला घाटात गाडीतून केळी फेकू नका: तिथे माणसाची भीती मोडलेला कळप कुळागरात आरडाओरड्याला दाद देत नाही.

माकड चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका. सत्तरीत माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत, आणि तो ताप गोचिडींतून पसरतो. जागा लक्षात ठेवा आणि वन खात्याला व आरोग्य केंद्राला लगेच कळवा.