ब्लॉगची अनुक्रमणिका आपोआप बनवायच्या आधी एवढं आवरून घ्या

स्क्रिप्टचं, म्हणजे अनुक्रमणिकेचं पान बनवणाऱ्या कोडचं, शेवटी बघू. कोड असतो वीस-पंचवीस ओळींचा आणि तो तयार मिळतो सुद्धा, घोळ सगळा आपण दिलेल्या नावांत आणि लेबलांत असतो, कारण पान आपोआप बनणार म्हणजे तुम्ही जे भरून ठेवलंय तेच जसंच्या तसं लोकांसमोर येणार. त्यामुळे पहिलं काम बॅकअप, ब्लॉगरवर (गूगलच्या ब्लॉग सेवेवर) असाल तर सेटिंग्जमधून पोस्टचा वेगळा आणि थीमच्या पानावरून थीमचा वेगळा, एक घेतला म्हणजे दुसरा आपोआप झाला असं नाही.

मग लेबलं, म्हणजे पोस्टला लावलेली विषयांची नावं, यादीत प्रत्येकाचा एक मथळा होतो. इथे अख्खा रविवार गेला तरी जाऊ दे. समजा पुण्यातल्या एखाद्या भटक्याचा ब्लॉग आहे, बरीच वर्षं चाललेला, तर त्यात 'सिंहगड' पण असणार आणि 'कोंढाणा' पण, 'तोरणा' पण आणि कधीतरी जोशात टाकलेलं 'प्रचंडगड' पण, शिवाय 'पुणे', 'पुणं' आणि इंग्रजीतलं पुणे एकदा कॅपिटलमधे एकदा स्मॉलमधे. आपल्याला कळतं की किल्ले दोनच आहेत, स्क्रिप्टला इतिहास येत नाही, ती चार मथळे करून मोकळी होते. कागदावर सगळी लेबलं उतरवा, कुठलं ठेवायचं ते ठरवा. ब्लॉगरमधे लेबलचं नाव थेट बदलता येत नाही, त्या पोस्ट सिलेक्ट करून नवं लावायचं आणि जुनं काढायचं. एकाच पोस्टसाठी असलेलं लेबल सरळ उडवा, माझं तरी हेच मत आहे.

याच्याही पुढचं दुखणं म्हणजे दिसायला सारखे पण आतून वेगळे शब्द. जेजुरी-सासवडकडे भटकलात म्हणजे तिथल्या नदीचं नाव 'कऱ्हा' लिहिणं आलंच. तो ऱ्ह काही कीबोर्ड नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ घेऊन काढतात, काही साधा र, हलंत आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून काढतात, स्क्रीनवर दोन्ही तंतोतंत तेच आणि कॉम्प्युटरसाठी दोन वेगळे शब्द, म्हणजे लेबलं पण दोन. 'ॲप'चंही तसंच, एकसंध ॲ युनिकोडमधे २००८ ला आला, त्याआधीचं आणि अजूनही काही कीबोर्डवरचं म्हणजे अ वर चंद्र. यादीत एकच नाव दोनदा दिसलं की समजा हीच भानगड आहे, एका ठिकाणचं कॉपी करून सगळीकडे पेस्ट करा, पुन्हा हाताने टाइप करत बसू नका.

शीर्षकं वाचून काढा, पण फक्त शीर्षकं, पोस्ट उघडून वाचायला लागलात तर संपलंच. 'भाग २' असं नुसतं शीर्षक पोस्टवर चालून जातं, यादीत मात्र कशाचा भाग ते देवालाच ठाऊक. बिनशीर्षकाची पोस्ट असेल तर यादीत क्लिक करायलाच काही उरत नाही. आणि भागांना ०१, ०२ असे आकडे द्या, नाहीतर १ नंतर १० येतो आणि मग २. जुन्या पोस्टचे पत्ते मात्र बदलायला जाऊ नका, मराठी शीर्षक असलं की ब्लॉगर 'ब्लॉग-पोस्ट' असलाच काहीतरी पत्ता देतो, दिसतो वाईट पण लोकांनी ती लिंक कुठे कुठे पाठवलेली असते.

क्रम तारखेने की अकारविल्हे हेही आधीच ठरवा. तारखेने लावणार असाल तर प्रसिद्ध केल्याची तारीख घ्या, बदल केल्याची नको, नाहीतर आत्ता लेबलं साफ केलेली सगळी जुनी पोस्ट वर येऊन बसतील. अकारविल्हे लावणार असाल तर कॉम्प्युटर क्ष ला क मधे आणि ज्ञ ला ज मधे धरतो, म्हणजे जुन्नर, जेजुरी आणि त्यांच्या मागोमाग ज्ञानेश्वर पादुका चौक, आपल्याला तो ह च्या पलीकडे हवा असतो. तुलना मराठी क्रमाने कर असं कोडमधे सांगायची सोय आहे, ती वापरा आणि तरी ही दोन अक्षरं डोळ्यांनी तपासा. किल्ल्यांच्या ब्लॉगला मी तरी आधी तालुका आणि मग तारीख असंच लावेन, अ ते ज्ञ वाचत कोण बसतं.

आता फीड, म्हणजे ब्लॉग आपल्या पोस्टची जी यादी कोडला वाचायला देतो ती. सेटिंग्जमधे फीड बंद असेल किंवा ब्लॉग प्रायव्हेट असेल तर पान कोरंच राहणार, कोडला शिव्या देण्याआधी हे बघा. काही सांगितलं नाही तर ब्लॉगर २५ च पोस्ट देतो, वर्डप्रेसवर १० आणि मागून मागून एका वेळी १००, त्याच्या पुढचं पुढच्या पानावरून आणावं लागतं, तेव्हा स्क्रिप्ट पुढची पानं मागते की पहिल्यावरच थांबते ते कोडमधे शोधा. फीडचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होणारा असू दे, साधा एचटीटीपी असेल तर ब्राउझर गुपचूप अडवतो. कोड पेस्ट करायचा तो पान लिहायच्या खिडकीतल्या एचटीएमएल व्ह्यूमधेच, आणि तिथूनच सेव्ह करून बाहेर पडा.

मेनूत लिंक देण्याआधी यादीतल्या पोस्ट मोजा आणि डॅशबोर्डवरच्या प्रसिद्ध पोस्टच्या आकड्याशी जुळवा, एक पोस्ट दोन लेबलांखाली दोनदा दिसते तेवढं वजा करून. मग एक खोटी पोस्ट टाका, लेबल लावून, ती यादीत आली की लगेच डिलीट करा आणि पान रिफ्रेश करून गेली का तेही बघा.